लिमयेबाईंची आर-वही

लॅबमधले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. रोज कोणीतरी काउंटरवर येऊन काहीतरी बोलून जातं, आपण हसतो, हात धुतो आणि पुढच्या कामाला लागतो. मग निवृत्त होऊन घरी बसलं की लक्षात येतं, बाटल्या, बश्या, मायक्रोस्कोप सगळं तिथेच राहिलं आणि घरी आलं ते एवढंच!

परवा जगताप सपत्नीक आला होता. चहाचा एक कप संपेपर्यंत आमचे चार किस्से झाले. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतोय आणि त्याची बायको आमच्याकडे बघतेय. शेवटी न राहवून म्हणाली, "अहो, हसताय काय? यातली निम्मी माणसं मेलीत की!"

जगताप म्हणाला, "मेली म्हणून तर ध्यानात हायेत. बरी झालेली कशाला परत सांगायला येत्यात?"

आमची लॅब सदाशिव पेठेत, पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्स, शेजारी कॉम्प्युटरचे क्लास, समोर अण्णांचं मेडिकल. नव्वदीनंतर शेजारचे क्लास सहा महिन्यांनी नाव बदलायचे, झेरॉक्सवाल्याने एसटीडी बूथ काढला, मग मोबाइलची कार्डं ठेवली. आम्ही मात्र होतो तिथेच. तीन माणसं. मालकीण डॉ. मालती लिमये, म्हणजे बाई. काउंटर आणि टायपिंगला जगताप, खडकवासल्याच्या पुढच्या गावातला. आणि मी सुनंदा कांबळे, एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, येरवड्याहून लुनावर.

नोकरीसाठी पहिल्यांदा गेले ती उत्तरं तयार ठेवूनच. सदाशिव पेठेत 'कांबळे, येरवडा' एवढं सांगितलं की पुढे काय प्रश्न येतात ते मला पाठ झालं होतं. बाईंनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "उद्यापासून या. नखं कापून या." झाली मुलाखत!

काम काय ते सांगून ठेवते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. पेशंटचं रक्त, लघवी, पू असं काहीतरी यायचं. त्यातले जंतू आम्ही काचेच्या बशीत वाढवायचो (याला कल्चर म्हणतात) आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या बारक्या चकत्या ठेवायचो. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, मोकळं वर्तुळ दिसतं. ते औषध 'एस', म्हणजे सेन्सिटिव्ह. आणि जंतू बिनधास्त चकतीला चिकटून उगवले, तर ते औषध 'आर', रेझिस्टंट. म्हणजे जंतू त्या औषधाला भीक घालत नाही. मी लागले तेव्हा रिपोर्टवर एक-दोन आर असायचे. नंतर नंतर काय काय असायचं ते पुढे येईलच.

*

एक गृहस्थ सकाळी लघवीचा नमुना देऊन गेले आणि दुपारी चारला हजर.

"रिपोर्ट?"

"परवा," जगताप म्हणाला.

"परवा? अहो, पलीकडच्या लॅबमध्ये शुगर तासाभरात देतात!"

बाई आत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "साखर वाढलेली असते. जंतू वाढवावे लागतात."

"मग जरा लवकर वाढवा की!"

"सांगते त्यांना. तुमचं नाव सांगू का?"

*

पेशंटला पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आधी काही औषध घेतलंय का?" कारण औषध घेऊन आलेल्या माणसाच्या नमुन्यात धड जंतू मिळत नाहीत. उत्तरही ठरलेलं, "छे, काहीच नाही."

बाईंना हे उत्तर पटायचं नाही. त्या वेगळ्या वाटेने जायच्या. "बरं, अण्णांकडून काय घेतलंत?"

"अण्णांकडून ना? त्या दोन कॅप्सूल फक्त. पण ते औषध म्हणून नव्हे, बरं वाटावं म्हणून!"

अण्णा म्हणजे समोरचे मेडिकलवाले. स्वभावाने देवमाणूस, आणि तीच तर अडचण. कोणाला नाही म्हणायचे नाहीत. ताप आला, द्या अँटिबायोटिकची पाचशेची गोळी. दाढ दुखली, द्या पाचशेची. प्रेमभंग सांगितला असता तरी दिली असती. पट्टी कात्रीने कापून तीन गोळ्या हातावर ठेवायचे. बाई एकदा रस्ता ओलांडून भांडायला गेल्या.

"अण्णा, पाच दिवसांचा कोर्स असतो. तीनच गोळ्या कशाला देता?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "एक ताप उतरायला, एक उतरलेला राहायला, आणि एक जवळ असू द्यावी."

बाई परत आल्या, हात धुतले आणि मला म्हणाल्या, "सुनंदा, हा माणूस आपल्याला निवृत्त होईपर्यंत काम पुरवणार आहे." तसंच झालं.

*

परांजपे सर गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांची बायको ऑपरेशननंतर दवाखान्यात होती, ताप उतरत नव्हता. रक्त कल्चरला आमच्याकडे आलं. रिपोर्ट न्यायला सर स्वतः आले, तिथेच उभ्याने वाचला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"वा! अठरापैकी सोळा!"

जगतापने विचारलं, "काय सोळा, सर?"

"राइट! सोळा राइट! दोनच एस आहेत. सप्लिमेंटरी ना? निघतील तेही पुढच्या खेपेला. आमच्या हिची प्रकृती मुळातच दणकट!"

जगताप हसायला लागला. मीही तोंड फिरवलं. बाई मात्र हसल्या नाहीत. काउंटरचं दार उघडून त्या बाहेर गेल्या, सरांना बाकावर बसवलं, शेजारी बसल्या आणि आर म्हणजे काय ते सावकाश सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे हे गुण जंतूला मिळालेत?"

"हो, सर."

"मग हुशार आहे," ते म्हणाले. कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि जिना उतरून गेले.

ती दोन एसची औषधं चालू केली, पण उशीर झाला होता. आठवड्याने सर परत आले. दवाखान्याचा कागद घेऊन आले होते. म्हणाले, "बाई, तुमच्या रिपोर्टात काहीतरी गफलत दिसते. इथे जंतूचं नावच नाही. इथे लिहिलंय, हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू."

बाई म्हणाल्या, "सर, ती सगळ्यांचीच बंद पडते. कशामुळे, एवढाच प्रश्न असतो."

सर गेले. बाईंनी जगतापला खाली पाठवून दोनशे पानी वही मागवली. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आर. मी विचारलं, "यात काय लिहायचं?" तर त्यांनी पट्टीने पाच रकाने आखले. पेशंटचं नाव. जंतूचं नाव. किती आर. पुढे काय झालं. आणि शेवटचा रकाना, मृत्यूच्या कागदावर काय लिहिलं.

"मला एकच कागद बघायचाय, सुनंदा," त्या म्हणाल्या. "ज्याच्यावर मारणाऱ्याचं नाव लिहिलंय. नाव लिहायचं नाही, मग मोजणार कोण? आणि मोजलंच नाही तर कोणाला काय पडलंय?"

मला तेव्हा वाटलं, एकच तर कागद, मिळेल महिन्याभरात.

*

वही भरायची म्हणजे फोन करायला हवे. ज्यांचे रिपोर्ट आरने भरलेले, त्यांच्या घरी जगतापने दोन आठवड्यांनी फोन करायचा आणि विचारायचं, "पेशंट कसे आहेत?" लोकांना गहिवरून यायचं. पुण्यात रिपोर्ट दिल्यावर लॅब चौकशी करते! एका गृहस्थांनी तर सांगितलं, "आई गेल्या हो परवा. पण तुमचा रिपोर्ट मात्र अगदी वेळेवर मिळाला!"

मोबाइल आल्यावर उलटंच झालं. जगतापने "पेशंट कसे आहेत?" एवढं म्हटलं की पलीकडून, "आम्हाला पॉलिसी नकोय!" आणि खट्.

पाचवा रकाना भरत गेला. हार्ट. हार्ट. किडनी. हार्ट. न्यूमोनिया, पण कशामुळे ते नाही. हार्ट. एका ठिकाणी तर 'वय'. बाई वहीकडे बघत म्हणाल्या, "वय? वयाने माणसं मरत असती तर मी वयाचं कल्चर लावलं नसतं का?"

पहिली वही संपली, दुसरी आणली. जगताप एकदा पानं चाळत म्हणाला, "बाई, पुण्याची माणसं लई नाजूक हायेत हो. जो तो हार्टनंच जातोय."

"हार्ट सभ्य असतं," बाई म्हणाल्या. "दवाखान्यातला जंतू लागून मेला म्हटलं की चौकशी होते. हार्टची कोण चौकशी करतो?"

*

जगतापच्या घरी कोंबड्या होत्या. एकदा त्याने सुट्टी मागितली. कारण? "कोंबड्यांना सर्दी हाय."

बाईंनी चष्मा काढला. "मग तू काय करणार?"

"औषध घालायचं हाय ना पाण्यात. अँटिबायोटिक." आणि त्याने नाव सांगितलं. आमच्या ट्रेमध्ये तीच चकती होती, आणि अलीकडे तिच्याभोवती रोज आर.

बाई खवळल्या. पंधरा मिनिटं बोलल्या. औषधाला न जुमानणारा जंतू कोंबडीतून अंड्यात, कोंबडीखतातून शेतात, पाण्यातून खडकवासल्याच्या धरणात आणि तिथून परत आपल्या नळात कसा येतो, सगळं सांगितलं. जगतापने मान खाली घालून ऐकलं. शेवटी म्हणाला, "बाई, तुमचं खरं हाय. पण एक सांगू का? आमच्या कोंबड्या कोर्स पुरा करत्यात. माणसांवानी मधीच सोडत न्हाईत."

बाईंनी चष्मा परत लावला. सुट्टी मंजूर झाली.

*

मग हिंजवडी आली. म्हणजे होती तिथेच, पण तिथे आयटी कंपन्या झाल्या आणि पेशंट तिथून यायला लागले. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कानाला फोन. त्यातला एक निखिल. चार दिवसांचा ताप आणि घसा. आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, मंडेला प्रोजेक्ट गो-लाइव्ह आहे. मला एकदम स्ट्राँगेस्ट सांगा. मी नेटवर वाचलंय, थर्ड जनरेशन घेऊ ना? लेटेस्ट व्हर्जन तेच आहे का?"

"औषधांत चौथं आलंय," बाई म्हणाल्या. "जंतूंत पाचवं."

"ओह! म्हणजे अपग्रेड त्यांच्याकडे फास्ट आहे?"

"त्यांच्याकडे टेस्टिंग चांगलं आहे. तुम्हीच सगळे करून देता."

पोरगा हुशार होता, ओशाळला. त्याच्या घशात साधी व्हायरसची भानगड होती, कुठलंच अँटिबायोटिक नको होतं. बाईंनी त्याला मिठाच्या गुळण्या सांगितल्या. मंडेला तो गो-लाइव्ह झाला आणि तेव्हापासून बाईंचा भक्त झाला.

दोन वर्षांनी तो लॅपटॉप घेऊन आला. त्याची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करत होती, आणि मृत्यूचा फॉर्म करायचं काम निखिलकडे होतं. डॉक्टरने कारण हाताने लिहायचं नाही, यादीतून निवडायचं. बाईंनी यादी वाचली. कार्डिअ‍ॅक अरेस्ट. रेस्पिरेटरी फेल्युअर. रीनल फेल्युअर. मल्टिऑर्गन फेल्युअर.

"निखिल, यात सगळे नापासच आहेत. नापास करणारा कुठाय?"

"मॅडम, क्लायंटच्या रिक्वायरमेंटमध्ये नाहीये ते."

"क्लायंट मेला की तुझ्याच यादीतून जाणार आहे. घाल."

बरीच वादावादी झाली. शेवटी निखिलने तडजोड केली. यादीच्या तळाला एक ओळ: 'इतर'. ती निवडली की खाली एक चौकोन उघडेल, त्यात डॉक्टरने काय ते लिहावं. चौकोनावर त्याने इंग्रजीत 'प्लीज स्पेसिफाय' असं टाकलं होतं. बाईंना ते पसंत पडेना.

"प्लीज कशाला? विनंती केली की लोक टाळतात. मराठीत टाक. स्पष्ट. 'नाव लिहा'. बस."

निखिलने टाकलं: नाव लिहा. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी स्वतः उठून त्याच्यासाठी चहा केला. तो चहा भयंकर असायचा, पण ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

*

हा किस्सा बाईंचा, पण सांगायलाच हवा. त्यांची दाढ काढली होती. चार-पाच दिवसांनी मी कात्री शोधायला त्यांचा खण उघडला, तर आत अँटिबायोटिकची पट्टी. निम्मी भरलेली!

मी पट्टी त्यांच्यासमोर धरली. बाईंनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग अण्णांच्या दुकानाकडे.

"ॲसिडिटी झाली गं," त्या म्हणाल्या. "आणि बरं वाटत होतं."

आमच्या लॅबमध्ये हे वाक्य आम्ही हजारदा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी बाईंनी समोरच्याची साल काढली होती. आता त्यांनी आर-वही मागून घेतली, शेवटच्या पानावर स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'मूर्ख'. खाली सही केली. तारीखसुद्धा घातली. मग म्हणाल्या, "हसू नकोस. तुझी नखं दाखव."

*

आता शेवटचा. जगताप आणि मी हा एकमेकांना सांगत नाही, कारण दोघांनाही माहीत आहे. इतरांना सांगतो.

बाई घरातच पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, असं सर्जन म्हणाले, आणि ते खरंच होतं. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. दवाखान्याची स्वतःची लॅब होती, पण बाईंनी हट्ट धरला, "एक बाटली माझ्या लॅबला पाठवा. माझ्या पोरीने वाचलेलंच मी मानीन." मी तेव्हा पंचेचाळिशीची होते. पोरगी!

दोन दिवसांनी सकाळी मी बशी उजेडात धरली. चकत्या गोल रांगेत ठेवलेल्या होत्या. एकाही चकतीभोवती मोकळी जागा नव्हती. मी नवीन बशी लावली, चकत्यांची नवी बाटली फोडली, दुसऱ्या दिवशी परत पाहिलं. तेच. शेवटचं म्हणून राखून ठेवतात त्या औषधाचीही तीच गत. मी स्टुलावर बसले आणि रडले. जगताप काउंटरवरून उठून आला, त्याने बशीकडे पाहिलं. वीस वर्षं रिपोर्ट टाइप केलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. त्याने काउंटरवर जाऊन रिपोर्ट टाइप करायला घेतला.

रिपोर्ट घेऊन मीच गेले. खोलीत लिमयेकाका होते, बाईंचे यजमान. कारखान्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. बाईंनी हात पुढे केला.

"किती?"

"सगळे आर."

"तो शेवटचाही?"

"तोही."

"लेबल तपासलंस? दुसऱ्याची बाटली नाही ना?"

"दोनदा लावलं, बाई."

"जंतू?"

"क्लेबसिएला न्यूमोनी."

बाईंनी कागद वाचला. मग म्हणाल्या, "काम स्वच्छ केलंयस." थोड्या वेळाने माझं मनगट धरलं. हात भाजत होता. "सुनंदा, माझं हार्ट उत्तम आहे. मागच्याच महिन्यात काढलेला कार्डिओग्राम कपाटात आहे. मला हार्टने मारू देऊ नकोस त्यांना."

मी हो म्हटलं. त्याहून कठीण हो मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही.

डॉक्टरांनी दोन-तीन औषधं एकत्र करून प्रयत्न केले, मनापासून केले. बाई चौथ्या दिवशी दुपारी गेल्या.

फॉर्म भरायला एक तरुण डॉक्टर बसला होता, जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसचा. मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर निखिलची यादी. त्याचा हात सवयीने पहिल्या ओळीवर गेला.

"तिथे नको," मी म्हटलं. "सगळ्यात खाली जा. इतर."

"मॅडम, 'इतर' आम्ही कधी वापरत नाही. सीनियर विचारतील."

"विचारू देत. सांगा, पेशंटनेच करून घेतलंय ते."

त्याला काही कळलं नाही, पण माझ्या हातात रिपोर्ट होता आणि मी हलणार नव्हते. त्याने 'इतर' निवडलं. खाली चौकोन उघडला: नाव लिहा. त्याने माझ्या कागदात बघून एकेक अक्षर टाइप केलं. प्रिंट निघाली, त्याने सही केली. लिमयेकाकांनी ती वाचली आणि मान हलवली. मी जिन्यात येऊन जगतापला फोन लावला. "पाचव्या रकान्यात लिही," मी म्हटलं, आणि नाव सांगितलं. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग जगताप म्हणाला, "लिवलं, मॅडम. मोठ्या अक्षरात लिवलं." इतक्या वर्षांत पहिलं! बाई असत्या तर त्यांनी चहा केला असता.

पंधरा दिवसांनी काका आणि मी दाखला आणायला नोंदणीच्या ऑफिसात गेलो. दवाखान्याचा फॉर्म तिथे पोचलेला होता आणि कॉम्प्युटरमध्ये चढवूनही झाला होता. काउंटरवरचा क्लार्क सभ्य माणूस होता. काकांचं वय बघून त्याने आधी त्यांना खुर्ची दिली, मग दाखला दिला.

काकांनी चष्मा लावला. वाचला. परत वाचला. मग माझ्याकडे दिला.

मयताचे नाव: क्लेबसिएला न्यूमोनी. लिंग: स्त्री.

काका हळूच म्हणाले, "अहो, यात आमच्या मालतीचं नाव कुठाय?"

क्लार्कने फॉर्म काढून पाहिला. "डॉ. मालती लिमये ना? हे काय, वर आहे. पण त्या डॉक्टर आहेत, आजोबा. डॉक्टरांचं नाव दाखल्यावर येत नाही."

"डॉक्टरच गेल्यात!" काका म्हणाले.

"गेल्या असतील तर वाईट झालं. त्यांचा फॉर्म वेगळा यायला हवा. तो आलेला नाही. आमच्या हिशेबी त्या आहेत."

"मग हे कोण?" मी दाखल्यावर बोट ठेवलं.

"या मयत. फॉर्मवर स्वच्छ लिहिलंय बघा. 'नाव लिहा', आणि पुढे नाव. क्लेबसिएला न्यूमोनी. ख्रिश्चन होत्या का?"

"अहो, तो जंतू आहे!"

क्लार्कचा चेहरा गंभीर झाला. "मॅडम," तो म्हणाला, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

मी काकांकडे पाहिलं. बाई गेल्यापासून हा माणूस रडला नव्हता. आता त्यांचे खांदे हलत होते, आणि ते रडतायत का हसतायत मला कळेना. त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

क्लार्कने त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि आवाज खाली आणला. "घाबरू नका, आजोबा. चूक असेल तर दुरुस्त होते. फक्त दुरुस्तीचा अर्ज मयताच्या वारसाने करावा लागतो, तुम्हाला नाही करता येणार." त्याने कोरा फॉर्म ओढला आणि पेनचं टोपण काढलं. "मयत क्लेबसिएला यांना वारस आहेत का कोणी?"

काकांनी रुमाल बाजूला केला. "सुनंदा, तू सांग. तुझा विषय आहे."

"आहेत," मी म्हटलं.

"किती?"

"मोजलेले नाहीत."

"राहायला पुण्यातच?"

"पुण्यातच."

"मग काहीच अडचण नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना घेऊन या."